मान हलवायची नाही

मास्तरांचे कान गेले त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि या दोन वर्षांत त्यांनी समोर येईल त्या प्रत्येक गोष्टीला होकार दिला होता.

तसा हा माणूस होकार देणाऱ्यांतला मुळीच नव्हे. कपड्यांच्या कारखान्यात कटिंगमास्तर म्हणून त्यांची सव्वीस वर्षं गेलेली. लांबलचक टेबलावर कापडाचे ऐंशी थर एकावर एक अंथरायचे, वर खडूच्या खुणांचा कागद ठेवायचा आणि त्या खुणांवरून यंत्राची उभी सुरी फिरवायची. एकदा हात चुकला की एक नाही, ऐंशी शर्टांची माती. असल्या कामातला माणूस चिकट आणि हट्टी होतोच. "जमणार नाही" हे त्यांचं आवडतं वाक्य होतं आणि ते मालकीणबाईंनाही ऐकवायला ते कचरत नसत. मग एक मोठा ताप आला. त्यातून मास्तर उठले, पण कान काही परत आले नाहीत. डॉक्टरांनी कानात यंत्र बसवून पाहिलं, तर नुसती खरखर. ते यंत्र आता कपाटात पडून होतं.

सुरुवातीला मास्तर "काय? काय म्हणालात?" असं विचारायचे. लोक पुन्हा सांगायचे. तिसऱ्यांदा सांगताना लोकांच्या कपाळाला आठी पडायची, आणि ती आठी मात्र मास्तरांना अगदी स्वच्छ दिसायची. एके दिवशी असंच कुणीतरी तिसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदाही कळलं नाही, तेव्हा मास्तरांनी हळूच मान हलवली. समोरचा खूश होऊन निघून गेला. केवढी सोय! नंदीबैलाला तरी समोर ढोलकं वाजवणारा लागतो, मास्तरांना तेवढंही लागेना.

या सोयीचे परिणाम घरात जागोजागी दिसत होते. मेहुण्याने काहीतरी विचारलं, यांनी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा जुना सोफा टेम्पोतून दारात उतरला. घरातला आपला सोफा होताच. आता दोन सोफ्यांमधून स्वयंपाकघरात जायचं तर पोट आत घेऊन आडवं चालावं लागे. हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. पण एकदा जिन्यात शेजारी भेटले, खाली मान घालून काही बोलले, आणि मास्तरांनी हसून मान डोलावली, वर "छान, छान" म्हणाले. त्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांची आई वारली होती. बायकोने घरी आल्यावर कागदावर लिहून सांगितलं तेव्हा मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आणि आता हे पत्र आलं होतं.

"मंगळवारच्या चर्चेत आपण संमती दिल्याप्रमाणे, येत्या एक तारखेपासून आपली नेमणूक पॅकिंग विभागात करण्यात येत आहे." खाली मॅनेजरची सही होती. मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मंगळवारी मॅनेजर टेबलापाशी आला होता खरा. खिडकीकडे पाठ करून उभा होता, त्यामुळे तोंडावर अंधार. ओठांवर ही भली मोठी मिशी, आणि मिशीसमोर चहाचा कप. तो बराच वेळ बोलत होता. मास्तरांनी दोन-तीनदा मान हलवल्याचं त्यांना आठवत होतं.

ते तसेच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्याने खुर्ची दिली, चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं, "तुम्हीच हो म्हणालात ना, मास्तर?" आणि आपुलकीने त्यांच्याकडे पाहिलं.

काय करावं मास्तरांनी? त्यांनी मान हलवली.

घरी बायको उसळलीच. ती त्यांच्यासमोर उभी राहून, एकेक शब्द तोडून बोलायची, तिचं बोलणं त्यांना बरंचसं कळायचं. "अहो, सरळ सांगा ना त्याला, मला ऐकू आलं नव्हतं म्हणून!"

"म्हणजे दोन वर्षं मला काहीच कळत नाहीये, नुसतं सोंग करतोय, हे सगळ्या कारखान्यापुढे कबूल करू?"

"मग काय खोकी बांधत बसणार?"

पॅकिंग म्हणजे शर्ट घडी करा, पिशवीत घाला, खोक्यात भरा. हलकं काम म्हणून नव्हे, कुठलंच काम हलकं नसतं. पण ज्या टेबलाची प्रत्येक खाच त्यांच्या बोटांना पाठ होती, ते टेबल जाणार होतं, आणि तेही त्यांच्याच होकाराने. एक तारखेला अकरा दिवस उरले होते.

"रविवार आहे उद्या," बायको म्हणाली. "पत्र घेऊन मंडळात जा."

रविवारचं मंडळ बायकोनेच शोधून काढलं होतं. शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात दर रविवारी सकाळी दहा-बारा बहिरी माणसं जमत. वर्ग मुद्दाम निवडलेला, कारण त्याला दोन्ही बाजूंनी मोठ्या खिडक्या होत्या आणि तिथे कुणाच्याच तोंडावर अंधार पडत नसे. खुर्च्या गोल मांडलेल्या. बोलायचं तर हात वर करायचा, सगळे बघेपर्यंत थांबायचं, मगच सुरुवात. जन्मापासून ऐकू न येणारे हातांनी बोलत. मास्तरांसारखे नंतर कान गेलेले फळ्यावर लिहीत, आणि हळूहळू त्यांचेही हात सुटत. मंडळाचा कारभार घड्याळबाईंकडे होता. घड्याळं दुरुस्त करणारी साठीची जन्मबहिरी बाई, एका डोळ्याभोवती भिंगाचा कायमचा वळ. ती फळ्यावर सगळ्यांना "तू" लिहायची, मग समोर कुणी का असेना. खडू वाचतो, असं तिचं म्हणणं होतं.

पहिल्याच रविवारी तिने मास्तरांच्या डोळ्यांत बघून हातांनी भराभरा काहीतरी विचारलं आणि भुवया उंचावल्या. मास्तरांनी अर्थातच मान हलवली. मग बाईने फळ्यावर लिहिलं, "मी विचारलं, उद्यापासून तुझ्या घरी हत्ती बांधू का? तू हो म्हणालास. कधी पाठवू?" अख्खा वर्ग हसून लोळला. मंडळातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हा हत्ती दाखवला जाई, आणि प्रत्येकाने कधी ना कधी तो घरी बांधायचं कबूल केलेलं होतं. पण हे मास्तरांना कुठे माहीत? ते तणतणत घरी आले. बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सोफा मावत नाहीये, हत्ती कुठे ठेवणार होता?"

तरी ते पुढचे दोन रविवार गेले होते. का गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मंडळाचा एकच नियम होता: कळल्याशिवाय मान हलवायची नाही. जो हलवेल त्याने चहाचे सगळे कप विसळायचे. मास्तरांनी तिन्ही रविवार कप विसळले होते.

चौथ्या रविवारी त्यांनी पत्र घड्याळबाईपुढे ठेवलं. तिने ते वाचलं, पुढे फिरवलं. मास्तर वाट बघत होते की आता कुणीतरी हळहळेल, पाठीवरून हात फिरवेल. कुणीही हळहळलं नाही. घड्याळबाई उठली आणि तिने फळ्यावर लिहिलं, "कान गेले यात तुझी काही चूक नाही. कळल्याचं सोंग केलंस, ही चूक. कानांना इलाज नाही, सोंगाला आहे. किती दिवस आहेत?"

"दहा," मास्तर म्हणाले.

"खूप झाले."

आधी अर्ज लिहायचा होता, मालकीणबाईंच्या नावे. पहिली दोन वाक्यं काय असावीत हे घड्याळबाईने सांगितलं, पण लिहायचं मास्तरांनी, स्वतःच्या हाताने. "त्या दिवशी मला काहीही कळलं नव्हतं. मी खोटी मान हलवली." एवढी दोन वाक्यं. मास्तरांना ती लिहायला पाऊण तास लागला. पेन पुढे सरकेना. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने पुसलं. पण दोन वाक्यं कागदावर उतरली तशी त्यांना छाती मोकळी झाल्यासारखी वाटली, आणि उरलेला अर्ज पाच मिनिटांत झाला. बाकीच्यांनी तोवर दोन वेळा चहा पिऊन घेतला होता.

मग तालीम. मंडळात एक निवृत्त पोस्टमन होते, उंच आणि भारी नाटकी. ते मॅनेजर झाले. कागदाची मिशी चिकटवली, कप तोंडापुढे धरला, खिडकीकडे पाठ केली आणि पुटपुटायला लागले. अर्ध्या मिनिटात मास्तरांची मान हलली. सगळ्यांनी बाकं बडवली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा मान हलली. चौदा वेळा हलली! मास्तर घामाघूम झाले. "अहो, ती आपोआप हलते!" ते ओरडले.

घड्याळबाईने भिंतीजवळच्या कपाटातून मुलांचा जाड नकाशासंग्रह काढला आणि मास्तरांच्या डोक्यावर ठेवला. मान हलली की पुस्तक पडायचं. बावन्न वर्षांचे मास्तर डोक्यावर सगळं जग घेऊन खुर्चीत ताठ बसले होते आणि समोर कागदी मिशीचे पोस्टमन बडबडत होते. पुस्तक पडलं, ठेवलं, पडलं. "थांबा," घड्याळबाईने फळ्यावर लिहून ठेवलं होतं. "कळलं नाही. उजेडाकडे तोंड करा. पुन्हा सांगा. लिहून द्या." एवढी पाचच हत्यारं. दुपारी एकच्या सुमाराला पोस्टमन पाच मिनिटं बोलले, मास्तरांनी त्यांना सहा वेळा थांबवलं आणि पुस्तक जागचं हललं नाही.

पण नुसतं थांबवून भागणार नव्हतं. बहिऱ्या माणसाला सुरीपाशी कसं ठेवायचं, असं कुणी विचारलं तर? टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कापड अंथरणारी मावशी असते, तिचा हात मध्ये आला आणि ती ओरडली तर? हा प्रश्न खरा होता आणि तो मास्तरांनाही रात्रंदिवस छळत होता. त्याचं उत्तर ठिणगीकडे होतं. ठिणगी म्हणजे मंडळातली वेल्डर, तिशीची, बोलायला लागली की तिचे हात धरावे लागत.

"आमच्या शेडमध्ये इतका आवाज असतो की तिथे सगळेच बहिरे," तिने हातांनी सांगितलं आणि पोस्टमनने फळ्यावर उतरवलं. "म्हणून सगळ्यांसाठी दिवा आहे. पायाने बटण दाबायचं, समोर लाल दिवा लागतो. आमच्याकडे ओरडण्यावर कुणाचा भरवसा नाही."

बुधवारपर्यंत तिने लाकडी फळीवर एक दिवा, वायर आणि पायाने दाबायचं बटण असं सगळं जोडून आणून दिलं. मास्तरांनी ते घरी दोन सोफ्यांच्या मध्ये मांडलं आणि बायकोला दुसऱ्या टोकाला बसवून इतक्या वेळा बटण दाबायला लावलं, की शेवटी ती म्हणाली, "आता पाय दुखतोय, हातानं मारू का एक?"

गुरुवारी सकाळी मालकीणबाईंनी बोलावलं. मास्तरांनी सोबतीला घड्याळबाईला नेलं होतं. केबिनला काचेची भिंत होती आणि काचेपलीकडे चाळीस शिलाई मशिनं चालू होती. मालकीणबाई टेबलामागे बसल्या होत्या, हातात फोन. मॅनेजर खिडकीशी उभा, तोंडापुढे कप. सगळं अगदी तालमीतल्यासारखं होतं, फक्त मिशी खरी होती.

मॅनेजर बोलायला लागला.

"थांबा," मास्तर म्हणाले. "कळलं नाही. इकडे, उजेडात या."

मॅनेजर गोंधळला, पण आला. पुन्हा बोलला.

"थांबा. कप खाली ठेवा. पुन्हा सांगा."

मॅनेजरने कप ठेवला. त्याच्या कपाळाला आठी पडली. ती ओळखीची आठी! दोन वर्षं मास्तर त्या आठीला घाबरून जगले होते. मान आतून ओढ घेत होती, आता हलव, एकदाच हलव, सुटशील. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "तेवढंच वाक्य पुन्हा," ते म्हणाले. "हळू."

असं नऊ वेळा झालं. नवव्यांदा मॅनेजरचे कान लाल झाले होते आणि मालकीणबाईंनी फोन खाली ठेवला होता. दहाव्यांदा मास्तरांनी कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. सगळं. मला का हलवताय आणि माझ्या जागी काय करणार आहात."

मॅनेजरने लिहिलं. बराच वेळ लिहिलं. बोलताना जी वाक्यं मिशीत विरघळून जायची, ती कागदावर एकेक उभी राहिली. मास्तरांना ऐकू येत नाही, अपघाताची भीती वाटते. म्हणून मास्तर पॅकिंगला. कटिंग खातं बंद. यापुढे कापड बाहेरच्या कंत्राटदाराकडून कापून घ्यायचं. टेबल आणि यंत्र विकून टाकायचं.

मास्तरांनी वाचलं आणि कागद मालकीणबाईंकडे दिला. त्यांनी वाचला. मग सरळ बसून पुन्हा वाचला.

"कटिंग बंद? हे कुणी ठरवलं?" त्यांचे ओठ मास्तरांना स्पष्ट दिसले.

मॅनेजर चाचरला. त्याने जे सांगितलं ते मास्तरांनी लगेच त्याच्याकडून लिहून घेतलं, कारण असं वाक्य हातचं जाऊ द्यायचं नसतं: "बाई, मंगळवारी सांगितलं ना तुम्हाला. तुम्हीच मान हलवलीत."

मालकीणबाईंनी फोनकडे पाहिलं, मॅनेजरकडे पाहिलं, आणि धडधाकट कानांची ती बाई लाजून लाल झाली. घड्याळबाईने तो कागद वाचला, आणि तिला हसू आवरेना. तिने दोन्ही हातांनी डोक्यावर शिंगं केली आणि मान डोलावली.

"त्या काय म्हणतायत?" मालकीणबाईंनी विचारलं. हे मास्तरांना एका दमात कळलं.

एरवी मास्तरांनी वेळ मारून नेली असती. पण आज सोंग बंद होतं. "त्या म्हणतायत, नंदीबैल," ते म्हणाले. "आमच्या मंडळात आम्ही सगळेच नंदीबैल होतो, बाई. ऐकू येणाऱ्यांतही असतात हे आम्हाला माहीत नव्हतं."

मालकीणबाई खांदे गदगदेपर्यंत हसल्या.

त्यानंतर मास्तरांनी दिवा दाखवला. कापड अंथरणाऱ्या मावशीला आत बोलावलं, पायाखाली बटण दिलं, स्वतः पाठमोरे होऊन हातात सुरी धरल्यासारखे उभे राहिले. मावशीने बटण दाबलं. दिवा लागायचा अवकाश, मास्तरांचा हात जागच्या जागी थांबला. मावशीने वेळी-अवेळी, फसवून, पाच वेळा दाबलं. पाचही वेळा थांबला. "पातं बोथट झालं तर मला तळहाताला कळतं," मास्तर म्हणाले. "यंत्राचा आवाज मला सव्वीस वर्षांत कधी लागलाच नाही. आणि आगीच्या घंटेलाही असाच दिवा लावा. चाळीस मशिनं चालू असताना ती घंटा इथे कुणाला ऐकू येते, विचारा."

मालकीणबाईंनी मावशीला विचारलं. मावशीने ठामपणे मान हलवली, आडवी.

मॅनेजरच सगळ्यात आधी बोलला. मास्तरांच्या समोर येऊन, उजेडाकडे तोंड करून, मिशी एका हाताने वर धरून तो म्हणाला, "मास्तर, मला तुमच्या हाताची काळजी होती. दिवा चांगला आहे." मास्तरांना त्याचा राग येईना. त्यांनी त्याचा हात दाबला.

मग मालकीणबाई उभ्या राहिल्या. सावकाश, एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, "कटिंग इथेच राहील. टेबल तुमचंच. दिवे उद्या बसवू. मान्य?"

प्रत्येक शब्द कळला होता. एकही सुटला नव्हता. सवयीने मास्तरांची मान खाली जायला निघाली, तेवढ्यात ती त्यांनी मधेच रोखली. आज नुसत्या मानेवर भागवायचं नव्हतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"मान्य!" ते म्हणाले.

म्हणजे त्यांना वाटलं की ते म्हणाले. प्रत्यक्षात ही अशी आरोळी होती की टेबलावरचा कप किणकिणला. काचेपलीकडे चाळीस पाय पेडलवरून उचलले गेले, चाळीस मशिनं थांबली आणि चाळीस चेहरे केबिनकडे वळले. पहिल्या रांगेतल्या बाईने काचेतून विचारलं, "काय झालं?"

"टेबल माझंच आहे!" मास्तर तिला म्हणाले, मघापेक्षाही मोठ्याने.

मालकीणबाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले होते. हसत हसत त्या काहीतरी बोलल्या.

"थांबा," मास्तर म्हणाले. "कळलं नाही. पुन्हा सांगा."

मालकीणबाईंनी कानांवरचे हात काढले, उजेडाकडे तोंड केलं आणि अगदी सावकाश सांगितलं, "मास्तर, आम्हाला ऐकू येतं हो!"